५४व्या सेकंदाची शिवी

जुन्या रेकॉर्ड संगणकावर उतरवून देणं हा माझा धंदा. मागच्या पावसाळ्यात एक काका ४५ आरपीएमची छोटी रेकॉर्ड घेऊन आले. किंग्समेन या अमेरिकन रॉक बँडचं 'लुई लुई', १९६३.

लोकांना वाटतं, सुई टेकवली की झालं. रेकॉर्डचं मधलं भोक मोठं, आधी तिथे चकती बसवा. डिस्टिल्ड पाण्याने खाचा धुवा. मोनो असेल तर दोन्ही चॅनल एकत्र करा, तेवढ्यानेच बरीच खरखर मरते. मग एकेक टिकटिक हाताने वेचा. 'ऑटो' सफाईवाल्यांनी आजवर किती गायकांचे 'स' गिळलेत, देव जाणे.

मुळात हे गाणंच पोर्टलंडला पन्नासेक डॉलरांत उरकलेलं. माईक वर टांगलेला, दातांना तारा लावलेला गायक जॅक इली मान वर करून ओरडतोय. गिटारच्या तुकड्यानंतर तो ओळ आधीच सुरू करतो आणि गप्प होतो. मला वाटलं सुई उडाली. भिंगाने खाच तपासली, ठणठणीत होती. म्हणून ते ठेवलं.

५४व्या सेकंदाला मात्र मागे काहीतरी पुसट होतं. आवाजाच्या आलेखावर डाग दिसला, खोडला, शेजारचा तुकडा भरला. सांधा मलाही सापडेना. खूश होतो.

दोन दिवसांनी काका परत. "अहो, शिवी कुठे गेली?"

मग त्यांनीच सांगितलं. रिचर्ड बेरीचं मूळ गाणं साधं, प्रेयसीच्या आठवणीने झुरणाऱ्या खलाशाचं. पण इलीचे शब्द लागेनात, तेव्हा पोरांनी आपापले अश्लील शब्द भरले. गाणं बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसरं. १९६४ मध्ये इंडियानाच्या गव्हर्नरने ते अश्लील ठरवलं, कुणा पालकाने थेट तेव्हाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिलं. एफबीआयने रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगांनी वाजवून पाहिली आणि शेवटी शब्द कळत नाहीत म्हणून नाद सोडला. खरी शिवी ड्रमवाल्याची, स्टिक चुकली म्हणून हासडलेली. ती एफबीआयला ऐकूच आली नाही.

"त्यांना अडीच वर्षांत सापडली नाही, तुम्ही एका संध्याकाळी पुसलीत!"

कच्ची फाइल होती म्हणून वाचलो. नवीन प्रत फुकट दिली. काका हेडफोन लावून बसले, ५४ला बोट वर केलं, हसले.

आता मलाही तिथे शिवीच ऐकू येते, अगदी स्वच्छ. त्याआधी तोच तुकडा मी वीसेक वेळा तरी ऐकला होता.