रविवर्मा विंगेतच बरा

गायिका अंजनीबाई मालपेकरांवर एकपात्री करतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'मग त्यात राजा रविवर्मा असेलच ना?' बाई त्याच्या चित्रांसाठी बसल्या होत्या, हे खरं. पण तो एकदा का ब्रश घेऊन रंगमंचावर आला, की बाई पुन्हा नुसत्या बसून राहणार. नकोच ते. गायिकेवर नाटक म्हटलं की आपल्याला एक प्रियकर, एक दगा आणि शेवटी भैरवी लागते. मला त्याचा कंटाळा आलाय.

मला दाखवायचाय तो त्यांचा रियाज. १८८३ सालचा जन्म, मूळ गोव्याकडचं घराणं, आणि लहानपणापासून तालीम नझीर खाँसाहेबांची. खाँसाहेब म्हणजे उत्तरेतून येऊन भेंडीबाजारात राहिलेल्या तीन भावांपैकी एक. त्या वस्तीवरूनच घराण्याला नाव पडलं. (परवा महंमद अली रोडवरून जाताना तिकडे डोकावले. क्रेन आणि हिरव्या जाळ्या. तिथे गाण्याचं एक घराणं जन्मलं हे टॅक्सीवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, 'होगा, मॅडम.')

सुरुवातीची कित्येक वर्षं बाईंना यमन आणि भैरवी, एवढंच शिकवलं, असं सांगतात. आता हे रंगमंचावर करायचं कसं? दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमची तालीम चालते. आमची नटी गाणारी आहे, पण भेंडीबाजारवाल्यांचा दमसास म्हणजे चेष्टा नाही. एका श्वासात लांबच लांब आकार, म्हणजे नुसता 'आ', ओढायचा. ती 'नी रे ग'वरून निघते, तीव्र मध्यमावर रेंगाळते, पंचमावरून वर चढते, आणि निषादाशी मानेची शीर तट्ट फुगते. मग कॉलर माइकमध्ये घशातून ओढलेला श्वास खरखरत ऐकू येतो. साउंडवाला म्हणाला, 'ताई, हा कट करतो.' म्हटलं, खबरदार! तिकीट त्याचंच आहे.

ऐन उमेदीत, १९०४च्या सुमारास, बाईंचा आवाज गेला होता. तो परत आला, त्या पुन्हा गायल्या, नावारूपाला आल्या. १९२०मध्ये खाँसाहेब गेले आणि १९२३ साली, चाळिशीत, बाईंनी मैफली थांबवल्या. पुढे शिकवलं. १९५८मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या बाई.

शिष्यांमध्ये कुमार गंधर्व आणि किशोरीताई आमोणकरही आहेत. आमच्या निर्मात्यांचे डोळे इथे चमकले. निदान कुमारांचा एक प्रवेश घाला म्हणे, बुकिंगला बरं. पण कुमार आले की टाळ्या कुमारांना, हे काय मला ठाऊक नाही? शिष्य आमच्याकडे फक्त दाराची कडी वाजवतात. आत कोण आलं ते कळतच नाही. बाई म्हणतात, 'बस. सा लाव.'

निर्माते अजून फुरंगटलेत. जाहिरातीत तरी कुमारांचं नाव टाकू द्या, म्हणतात.