बाटलीला लाल टॅग

मंगळवार, रात्र

फर्स्ट शिफ्ट करून आले, जेवले, थोडी पडले, तरी डोकं शांत होईना. म्हणून वही काढली.

महिन्याच्या सुरुवातीला हेड ऑफिसचे साहेब चाकणच्या आमच्या प्लांटला येऊन गेले. पांढरं हेल्मेट, नवेकोरे सेफ्टी शूज. पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालत वीसेक मिनिटांत अख्खी शॉप, म्हणजे मशीनचा हॉल, बघून झाली. आमच्या इन्स्पेक्शन टेबलापाशी थांबले. माझ्याकडे नाही, माझ्या पाण्याच्या गुलाबी बाटलीकडे बघितलं आणि सोबतच्याला म्हणाले, "फोटो घे."

त्या फोटोची नोटीस झाली. लॅमिनेट केलेली, खाली सही. टेबलवर बाटली ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्यांना लाल टॅग लावून रेड टॅग एरियात नेलं, मोडक्या ट्रॉल्या आणि जुन्या फिक्श्चरच्या शेजारी. लाल टॅगचा अर्थ मला ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलाय : ही वस्तू इथे लागते का, याचा निर्णय व्हायचाय. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली पाणी लागतं का, याचा निर्णय व्हायचाय!

आता खरं बोलायचं तर गेजजवळ, म्हणजे पार्टची मापं तपासायच्या साधनांजवळ, पाणी नको, हे मलाही पटतं. ज्यावर ठेवून मापं घेतो त्या ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर पाणी सांडलं, गार बाटलीची ओल गेजला लागली, की गंज धरतो. मग मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, गप्पा मारण्यात अर्थ नाही. म्हणूनच टेबलापासून चार पावलांवर, खांबाला बाटल्यांचा रॅक लावा, असं आमच्याच मुलींनी मागे सुचवलं होतं. रीतसर कायझेनचा, म्हणजे सुधारणा सुचवायचा, फॉर्म भरून पेटीत टाकला होता. त्या पेटीची किल्ली कुणाकडे असते, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही.

रॅक आला नाही, बंदी आली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

कूलर आहे डिस्पॅचच्या टोकाला, कॅन्टीनच्या भिंतीला. जाऊन, रांगेत थांबून, पिऊन परत यायला चार मिनिटं. आमच्या लाइनला एका पार्टला चाळीस सेकंद. म्हणजे एका घोटाला सहा पार्ट तुंबतात, नाहीतर रिलीव्हर, म्हणजे तेवढ्यापुरता बदली माणूस, लागतो. रिलीव्हर तीन लाइनला मिळून एक. तोही माणूसच, त्यालाही तहान लागते.

१९४८ च्या कारखाना कायद्यात पिण्याचं पाणी सगळ्या कामगारांना सोयीच्या जागी हवं असं लिहिलं होतं. अडीचशेच्या वर माणसं असतील तर उन्हाळ्यात ते गारही हवं. आमचं पाणी गार आहे. वर 'पिण्याचे पाणी' अशी पाटीही आहे. कागदावर कुठे बोट ठेवायला जागा नाही. 'सोयीच्या जागी' म्हणजे कुणाच्या सोयीच्या, एवढंच काय ते विचारायचं राहतं.

मुलींचं आणखी वेगळं. पाणीच कमी प्यायलं की टॉयलेटलाही जावं लागत नाही आणि रिलीव्हरपुढे तोंड वेंगाडावं लागत नाही, हा हिशोब लाइनवर जुनाच आहे. नोटिशीने तो पक्का केला. दोघीजणी सध्या युरिन इन्फेक्शनच्या गोळ्या खातायत. आता याचा नोटिशीशी संबंध कोण लावणार? त्यांच्या रजेच्या अर्जावर कारण 'ताप' आहे.

मला राग येतो तो साहेब दुष्ट आहेत म्हणून नाही. ते दुष्ट नाहीतच, कॅन्टीनच्या पोरालासुद्धा 'थँक यू' म्हणाले. राग येतो, कारण त्यांनी टेबल बघितलं ते फोटोत. ज्या टोयोटाचं नाव घेऊन हे लाल टॅग, कायझेन सगळं आमच्या गळ्यात मारतात, तिथली उत्पादनाची पद्धत घडवणाऱ्या तायची ओनोंची गोष्ट आम्हाला स्लाइडवर दाखवली होती. मॅनेजरला शॉपमध्ये आणायचं, जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचं आणि म्हणायचं, यात उभा राहा आणि बघ. तासन्‌तास. आमच्याकडे खडू आहे, जागा आहे. कुणी उभं राहायला तयार असेल तर वर्तुळ मी काढते, भर दुपारी दोन वाजता.

लेट मार्कचंही तेच. कंपनीचीच बस तळेगाव चौकात अडकते आणि पंचिंग मात्र माझं उशिरा होतं. तीन लेट मार्क, अर्धी रजा गेली. पगार नाही कापत, रजा कापतात. १९३६ च्या वेतन कायद्यात गैरहजेरीच्या वेळेपेक्षा जास्त पगार कापता येत नव्हता, त्यातून ही वाट काढली असावी, असा आपला माझा संशय. जाऊ दे, ते पुन्हा कधीतरी.

तर मूळ मुद्दा. दर तासाचं प्रॉडक्शन बोर्डवर लिहावं लागतं, आणि कमी पडलं तर शेजारी कारणाचा कोड. ब्रेकडाउन, सेटिंग, रिवर्क, मटेरियल शॉर्टेज. लाइन लीडर दादा पहिल्याच दिवशी मार्कर हातात धरून म्हणाला, "ताई, पाणी कशात टाकू?" ब्रेकडाउन लिहिलं तर मेंटेनन्सवाले भांडायला येणार, रिवर्क, म्हणजे पार्टची पुन्हा दुरुस्ती, लिहिलं तर क्वालिटीची म्हणून माझ्यावर येणार. स्टोअरवाले मवाळ आहेत. म्हणून त्याने लिहिलं, मटेरियल शॉर्टेज. दुसऱ्या लाइनवाल्यांनी बघून बघून तेच लिहिलं.

आज संध्याकाळी मेल आला. आमच्या शॉपला मटेरियल शॉर्टेज अचानक वाढल्याचं हेड ऑफिसच्या लक्षात आलंय. बाब गंभीर आहे म्हणे. उद्या अकराला मीटिंग, सप्लायरलाही ऑनलाइन घेणार. क्वालिटीकडून मी.

दादाला फोन केला. आधी खो खो हसला, मग म्हणाला, "अहो ताई, सप्लायर बिचारा टायमावर माल देतोय."

म्हटलं, उद्या मी सांगते खरं काय ते.

"सांगा की. फक्त माझं नाव नको. आणि कोड कुठला म्हणून विचारलं तर?"

कोड नाहीच आहे. आणि लाइन सोडून मीटिंगला जायचं तर माझ्या जागी रिलीव्हर हवा. त्याची मागणी आदल्या दिवशी पाचच्या आत द्यायची, असा नियम आहे. मेल आला तेव्हा सहा वाजून गेले होते.