टँकर आठ दिसाला येतो

सायनसच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी ती आली, पोराच्या खांद्यावर हात टाकून. औशाकडची, पन्नाशीची. नाकात मांस वाढलं होतं, वास येणं बंद झालं होतं. ऑपरेशन निर्वेध झालं होतं.

"साहेब, रातीपासून धा येळा जाऊन आले. पन गोळी एकबी चुकवली न्हाई."

गोळी म्हणजे माझीच, अँटिबायोटिक, ६२५ ची अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, दोन वेळा, सात दिवस. क्लॅव्हुलॅनिक ॲसिडने पोट बिघडतं हे एमबीबीएसचं पोरही सांगेल. रक्त थांबवायला नाकात भरलेला पॅक दुसऱ्याच दिवशी काढला होता, पू कुठे नव्हता, शुगरही नॉर्मल. मग दिली कशाला? 'सेफ्टीसाठी'. अशा ऑपरेशननंतर सरसकट अँटिबायोटिक देऊन फारसा फायदा होत नाही, हे वाचलेलं होतं. पण डिस्चार्जच्या कागदावर ती ओळ छापूनच आलेली, मी खाली फक्त सही करायचो.

दुर्बीण आत घातली. पू नाही, पण नाकपुडी खपल्यांनी गच्च भरलेली, काळपट, चिकट, सक्शनला दाद न देणाऱ्या. इथं एक पडदा दुसऱ्याला चिकटला की केलेलं सगळं पाण्यात.

"नाक धुतलं नाही का?"

ती गप्प. पोरगा म्हणाला, "टँकर आठ दिसाला येतो, साहेब. प्यायला पुरंना, नाकात कुठून घालावं?"

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच गावात बसून मी कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात 'नाक धुणे' एवढंच लिहून मोकळा झालो होतो. गोळी तेवढं औषध, आणि धुणं म्हणजे घरगुती उपाय, असा तिनं अर्थ लावला. लावणारच.

गोळी बंद केली. ओआरएस दिलं. खपल्या काढायला अर्धा तास लागला. तिनं हूं की चूं केलं नाही. मग हिशेब सांगितला: लिटरभर पाणी उकळून गार करायचं, त्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ, ते दोन दिवस पुरतं. सिस्टरनं बेसिनपाशी धुवून दाखवलं. वाकून, तोंड उघडं ठेवून.

मी ती छापील ओळ पेनानं खोडत होतो, तेवढ्यात तिकडून विचारणा झाली, "बाई, हे खाली पडलेलं पानी लिंबाला घातलं तर चालंल का?"

"खारट आहे मावशी, झाड जाईल."

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि दुसरी नाकपुडी धुवायला वाकली.