जोडीने चेकअपला जाताय?
आज सकाळी तपासणीच्या रांगेत जोडपीच जोडपी, आणि निम्म्यांची तयारी अर्धवट. तारीख बायकोची पाळी बघून घ्या. त्या दिवसांत लघवीच्या नमुन्यात रक्तपेशी दिसतात आणि नसता घोर लागतो. नवऱ्याची पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) असेल तर आधीचे 48 तास संबंध नकोत, सायकलही नको, आकडा फुगतो. (हे काउंटरवर सांगायला सगळे लाजतात.) 10-12 तास उपाशी, पण साधं पाणी प्या, नाहीतर शीर सापडत नाही. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून 2 दिवस आधी थांबवा, थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. लघवीचा नमुना सोनोग्राफीनंतर द्या. आधी दिलात तर मूत्राशय भरेपर्यंत तासभर बसून राहा! काही त्रास नसताना होल बॉडी एमआरआय मात्र मला पटत नाही. निरुपद्रवी गाठी सापडतात आणि प्रकरण बायोप्सीपर्यंत जातं.