अपिलाचा हक्क कोणाला?

वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे चालवत असल्यामुळे डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्य वैद्यकीय परिषदांचे आदेश वरचेवर माझ्या वाचनात येतात. पण त्या दुपारी एका बाईंनी पुढ्यात ठेवलेला आदेश मला दोनदा वाचावा लागला. दीड पानांच्या त्या कागदावर डॉक्टरांचा खुलासा जवळजवळ शब्दशः उतरवलेला होता. शस्त्रक्रियेनंतर पतीचा रक्तदाब उतरत असताना रात्रभर एकही वरिष्ठ डॉक्टर फिरकले नाहीत, या बाईंच्या मुख्य आरोपाचा मात्र उल्लेखही नव्हता आणि शेवटी ‘तथ्य आढळून येत नाही, तक्रार दप्तरी दाखल’ असा एका ओळीचा शेरा होता. सोबत नर्सिंगच्या नोंदींची झेरॉक्स होती. तिच्यात पहाटे २ नंतरच्या रकान्यांत आकडे खाली खाली गेलेले दिसत होते आणि ‘डॉक्टरांना कळवले’ ही नोंद पुन्हा पुन्हा आलेली होती.

बाईंचा प्रश्न सरळ होता. “मॅडम, निकाल उलट लागला असता तर डॉक्टर अपिलात गेलेच असते ना? मग मी का जायचं नाही?”

याचे उत्तर देणे अवघड जाते, कारण ते कायद्याच्या रचनेतच अडकलेले आहे. १९५६ च्या कायद्याखालील भारतीय वैद्यकीय परिषदेचा कारभार इतका वादग्रस्त ठरला की २०१० मध्ये ती बरखास्त करावी लागली; पुढे २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही तिच्यावर कडक ताशेरे ओढले आणि अखेर २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा आला. चर्चा झाली ती मुख्यतः महाविद्यालये आणि परीक्षा यांची. कलम ३० मात्र फारशी कोणाची नजर न पडता मंजूर झाले, असे माझे मत आहे. या कलमानुसार डॉक्टरांविरुद्धची तक्रार राज्य परिषदेने हाताळायची, तिच्या कारवाईने व्यथित झालेल्या डॉक्टरांनी नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे अपील करायचे आणि तिथेही समाधान न झाल्यास आयोगाकडे जायचे. डॉक्टरांना दोन पायऱ्या मिळाल्या. तक्रारदाराबद्दल कलम काहीच बोलत नाही.

गंमत अशी की जुन्या व्यवस्थेत हा हक्क होता. २००२ च्या आचारसंहितेच्या विनियमांत २००४ मध्ये भर घालून, राज्य परिषदेच्या निर्णयाने व्यथित झालेल्या कोणत्याही व्यक्तीला ६० दिवसांत अपील करण्याची मुभा देण्यात आली होती. २०२३ चे नवे विनियम निघाले त्याच महिन्यात स्थगित झाल्याने हे जुने विनियम आजही लागू आहेत; तरी रुग्णांची अपिले कलम ३० कडे बोट दाखवून परत पाठवल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. सुधारणेसाठी आणलेल्या कायद्याने रुग्णाच्या हातचे होते तेच डळमळीत करावे, याला काय म्हणावे!

हे सांगत असताना मला तारखा दिसल्या आणि खरी अडचण कळली. तक्रारीचा निर्णय ६ महिन्यांत व्हावा असे तेच विनियम सांगतात. इथे ३ वर्षे गेली होती. “आधी परिषदेचा निकाल येऊ द्या, मग नुकसानभरपाईचं बघू,” असे कोणीतरी सुचवल्यामुळे बाई थांबल्या होत्या, आणि ग्राहक आयोगाकडे जाण्याची २ वर्षांची मुदत तेवढ्यात उलटली होती. वास्तविक या दोन्ही वाटा स्वतंत्र आहेत. परिषद भरपाई देऊ शकत नाही आणि ग्राहक आयोग डॉक्टरांच्या नोंदणीला हात लावू शकत नाही. त्यामुळे एकीसाठी दुसरी अडवून धरण्याचे कारणच नसते. हे तक्रारीची पोच देतानाच छापील स्वरूपात सांगायला कायदा बदलण्याचीही गरज नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही कामाला लागलो. जुन्या विनियमांखालील अपील ६० दिवसांच्या आत बसत होते, म्हणून ते आधी लिहिले. ते परत आल्यास उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करण्याचे ठरले आणि ग्राहक आयोगासाठी विलंबमाफीचा अर्ज वेगळा काढला. मसुदा वाचून झाल्यावर बाईंनी विचारले, “डॉक्टरांची नोंदणी किती वर्षांसाठी काढा असं मागायचं?” मी म्हटले, “ताई, आत्ता ते मागायचं नाही. नर्सिंगच्या नोंदी समोर ठेवून फेरचौकशी करा आणि कारणं लिहून निर्णय द्या, एवढंच मागू.” त्यांनी पेन घेतले, प्रत्येक पानावर सही केली आणि झेरॉक्सची आणखी एक प्रत काढायला खाली गेल्या.