पुणे की हैदराबाद: भाचीच्या एमसीएसाठी केलेला प्रवास

सोलापूरहून पुणे साधारण अडीचशे किलोमीटरवर आणि हैदराबाद तीनशेच्या आसपास; त्यामुळे आमच्याकडे शिकायला बाहेर पडणारे प्रत्येक मूल एकदा तरी या दोन दिशांचा विचार करते, आणि घरातली वडीलधारी माणसे त्याआधीच ‘पुणे’ म्हणून मोकळी झालेली असतात. माझ्या भाचीचेही तसेच व्हायचे. संगणकशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर एमसीए या संगणकाच्याच पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ अशा दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळेल इतके गुण तिला पडले, तेव्हा दोन्ही जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे भरणार नाही, असे तिने जाहीर केले. माझ्या भावाला रजा मिळत नव्हती आणि मला निवृत्तीनंतर दुसरे काही मिळत नव्हते. म्हणून 2025च्या जूनमध्ये तिच्याबरोबर मी निघाले.

पुण्याला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलो. डब्यात बहुतेक हिंजवडी, खराडीकडे नोकरीला परतणारी आमच्याच गावची तरुण मुले होती, आणि दर शनिवारी घरचे जेवण मिळते हा भावाचा मुद्दा त्यांच्याकडे पाहून मला निम्मा पटलाही होता.

विद्यापीठाचे आवार पाहून तर उरलेला निम्माही पटला. सुमारे 411 एकरांचा गणेशखिंडीचा हा परिसर, ब्रिटिश गव्हर्नरांच्या निवासासाठी बांधलेली ती मुख्य इमारत आणि बाहेरच्या चौकातल्या वाहनांच्या गोंगाटानंतर अचानक सुरू होणारी वडांची सावली यांचा मोह कोणालाही पडावा. संगणकाच्या विद्यार्थ्याला इथे आणखीही काही मिळते. 1988 साली स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था याच आवारात वाढली आणि 1991 साली परम 8000 हा महासंगणक तिने उभा केला. शिवाय शहरात एवढ्या कंपन्या आहेत की इंटर्नशिपसाठी गाव सोडावे लागत नाही. याच आवारातल्या आयुकाच्या, म्हणजे जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या खगोलशास्त्र संस्थेच्या दारात भाची बराच वेळ थांबली. नारळीकरांना जाऊन तेव्हा काहीच दिवस झाले होते, आणि शाळेत असताना त्यांच्या विज्ञानकथा तिने माझ्याच कपाटातून नेल्या होत्या. विभागातल्या विद्यार्थ्यांनीही हातचे न राखता माहिती दिली. एमसीए 2020पासून दोन वर्षांचे झाल्यामुळे श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि बहुतेकांच्या रात्री प्रकल्पातच जातात, असे सगळ्यांच्या बोलण्यात आले.

हे ‘रात्री’ प्रकरण मी मनात टिपून ठेवले होते, म्हणून दुपारी आम्ही खोली शोधायला निघालो. वसतिगृहात जागा मिळेलच असे गृहीत धरू नका, असे तिथल्याच मुलींनी सांगितले होते. मोठ्या शहरातल्या विद्यापीठात हे चालायचेच. पण त्यामुळे बाहेर जो बाजार उभा राहिला आहे त्याचे मी काय वर्णन करू? ज्याला ‘कॉट बेसिस’ म्हणतात त्यात भाडे खोलीचे नसून खाटेचे असते. एका खोलीत चार खाटा, प्रत्येक खाटेखाली एक ट्रंक मावेल इतकी जागा, चौघींत मिळून एक खिडकी आणि विजेची दोन बटणे. दलालाचे एक महिन्याचे भाडे वेगळे, अनामत वेगळी, आणि ‘लॅपटॉप वापरणार असाल तर’ विजेचे पैसेही वेगळे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात घरमालकीणबाईंनी आम्हाला बसायलाही न सांगता नियम वाचून दाखवले. साडेनऊला दार बंद, अकराला दिवे बंद, पाहुणे नाहीत, आई-वडीलसुद्धा जिन्यापर्यंतच. भाचीने अत्यंत नम्रपणे विचारले, की प्रयोगशाळेतून यायला दहा-साडेदहा वाजले तर काय करायचे. त्यावर बाई तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मुलीच्या जातीला एवढ्या रात्री कसलं हो काम?”

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली आहेत. मार्चअखेरीस रात्री बारा-बारा वाजता हिशेब जुळवून घरी आलेली आहे. मी काही बोलले नाही. भाचीनेच “बरं, कळवतो” म्हटले आणि आम्ही जिना उतरलो. त्यानंतर पाहिलेल्या खोल्या कमी-अधिक स्वच्छ होत्या, एक तर चांगली हवेशीर होती, परंतु दाराची वेळ सगळीकडे जवळपास तीच होती. ज्या विषयाचा अभ्यास चुका शोधत बसण्यात होतो आणि ती चूक नेमकी साडेनऊच्या आत सापडेल अशी हमी कोणी देत नाही, त्या विषयासाठी हे वेळापत्रक कोणी ठरवले, असा विचार परतीच्या गाडीत दौंडपर्यंत मी करत होते.

हैदराबादच्या गाडीत पहाटे बसलो. शहाबाद आले तेव्हा, आपल्या घरातल्या फरशा इथल्या खाणींतून आल्या, हे भाचीला दाखवले. वाडी, तांडूर मागे टाकत आम्ही लिंगमपल्लीला उतरलो. हैदराबाद विद्यापीठ तिथून जवळ आहे आणि मुख्य शहरापासून मात्र लांब, गच्चीबावलीत. आवार इतके विस्तीर्ण, की मुख्य दारातून चालत निघण्याचा माझा हट्ट उन्हाने लवकरच मोडून काढला आणि आम्ही रिक्षा पकडली. सगळीकडे ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे एकावर एक रचून ठेवल्यासारखे उभे, त्यांच्यामधून झुडपे, आणि दिवसाढवळ्या मोर.

याच जंगलाच्या एका भागासाठी, कांचा गच्चीबावलीच्या सुमारे 400 एकरांसाठी, मार्चच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी आंदोलन केले होते आणि 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तिथली झाडतोड थांबवली होती. भावाने ती दृश्ये टीव्हीवर पाहिल्यापासून ‘तिथे अभ्यास कमी आणि घोषणा जास्त’ असा निकाल देऊन टाकला होता. आता हे विद्यापीठच मुळी तेलंगण आणि आंध्रातल्या आंदोलनांनंतर निघालेल्या सहा कलमी सूत्रातून 1974 साली जन्माला आले, हे त्याला कोण सांगणार? आपल्या आवारातल्या झाडांसाठी रस्त्यावर उतरणारी मुले मला तरी नापास होणारी वाटली नाहीत.

विभागात भेटलेली नांदेडकडची एक मुलगी सुट्टी असूनही प्रकल्पासाठी थांबली होती. तिने दोन्ही अभ्यासक्रम समोरासमोर ठेवून दाखवले, तेव्हा डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस हा पाया दोन्हीकडे जवळपास सारखाच असल्याचे मलासुद्धा समजले. फरक पडतो तो त्यापलीकडे. एका भारतीय भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत वाचता यावा म्हणून 1990च्या दशकात ‘अनुसारक’ प्रणालीवर या विद्यापीठात काम झाले आहे, आणि घरी मराठी, शेजारी तेलुगू आणि आजोळी कन्नड ऐकत सोलापुरात वाढलेल्या माझ्या भाचीला त्यात जो रस वाटला, तो मी तिच्या चेहऱ्यावर आधी पाहिला नव्हता. उलट बाजूही त्या मुलीने लपवली नाही. आवारातून शहरात जायचे म्हणजे अर्धा दिवस, मेसमध्ये रोज सांबार, आणि पावसाळ्यात पायाखाली विजेरी धरूनच चालायचे, कारण साप.

रात्री जेवून आम्ही तिच्याबरोबर आवारातल्या दुकानांपाशी चहा घेत बसलो होतो. साडेदहा वाजून गेले होते. पाठीला लॅपटॉपची पिशवी लावलेल्या दोन मुली सायकलवरून आल्या, चहा घेतला, कुठल्याशा प्रोग्रामवरून मनसोक्त भांडल्या आणि वसतिगृहाकडे न जाता पुन्हा विभागाच्या दिशेने निघून गेल्या. कोणी त्यांच्याकडे वळून पाहिले नाही. मी मात्र पाहत राहिले, आणि भाची माझ्याकडे पाहत होती.

आपल्या मुलीला कुठल्या विद्यापीठात घालावे, असे मला आता कोणी विचारले तर मी मानांकनाचे तक्ते बाजूला ठेवायला सांगते. तिच्या खाटेपासून तिच्या टेबलापर्यंतचे अंतर किती, आणि ते रात्री चालता येते का, हे आधी पाहा. पुण्यात तिला वसतिगृह नक्की मिळणार असते तर मी कदाचित पुण्याच्या बाजूने भांडले असते, कारण ते शहर तिला नोकरीच्या जास्त जवळ ठेवते. ते नक्की नव्हते.

हैदराबादचे शुल्क भरून झाले आहे. भावाने नाराजीनेच होकार दिला आणि एक अट घातली, की शेवटच्या सत्राची इंटर्नशिप पुण्यात शोधायची. भाचीने ती मान्य केली. तेव्हा खोली शोधायला पुण्याला भावाने जायचे, असेही त्याच बैठकीत ठरवून घेतले आहे. तिसऱ्या मजल्यावरचा तो जिना त्याने एकदा चढावा, अशी माझी फार इच्छा आहे.