भावंडं दोन, इयत्ता दोन, अमेरिकेचा इतिहास मात्र एकच

तुम्ही विचारलंत म्हणून. मे-जून उजाडला की अमेरिकेत मुलांना घरी शिकवणाऱ्या मराठी आईबाबांकडून हा प्रश्न येतोच: "मोठा नऊचा, धाकटी सहाची. अमेरिकेच्या इतिहासाचा कुठला करिक्युलम घ्यावा? दोघांना एकच चालेल का?"

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकते. एकच घ्या. गणित आणि वाचन ज्याचं त्याच्या पायरीवर चालतं, तिथे सरमिसळ नको. इतिहासात तशा पायऱ्या नसतात. दोन वेगळे संच आणले की तयारी दुप्पट, लायब्ररीच्या फेऱ्या दुप्पट, आणि दिवाळीपर्यंत एकाचा इतिहास गुपचूप बंद पडतो. बहुधा धाकट्याचाच. अंतर पाच-सहा वर्षांपेक्षा जास्त असेल आणि मोठा माध्यमिकच्या उंबरठ्यावर असेल, तरच वेगळा विचार करा.

संचावर छापलेलं वय बघून घाबरू नका. मोठ्याने वाचून दाखवलेलं मुलांना स्वतः वाचता येतं त्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढचं कळतं. म्हणून आठ ते अकरा वयाचा संच या जोडीला चालतो, अट एवढीच की वाचणार तुम्ही. ज्या संचात मूल एकट्याने वर्कबुक भरत बसतं, तो या जोडीला कुचकामी. धाकटीला लिहिता येत नाही आणि मोठा गाळलेल्या जागा भरून मोकळा होतो.

खरेदीआधी आपल्या राज्याचा नियम वाचा. टेक्ससमध्ये वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढेच पाच विषय सक्तीचे आहेत, इतिहास त्यात नाही. न्यूयॉर्कमध्ये पहिली ते सहावीला अमेरिकेचा इतिहास लागतो, वर्षाच्या योजनेत साहित्याची यादी द्यावी लागते आणि दर तिमाहीला अहवाल. पेनसिल्व्हेनियात देशाच्या इतिहासासोबत राज्याचाही इतिहास हवा आणि पोर्टफोलिओ ठेवावा लागतो. मुलं एक-दोन वर्षांत शाळेत परतणार असतील तर हेही बघा: कॅलिफोर्निया, टेक्सससारख्या राज्यांत चौथीला राज्याचा इतिहास आणि पाचवीला देशाचा असतो.

आता संच. बाजारातल्या होमस्कूल संचांपैकी बरेचसे ख्रिस्ती कुटुंबांसाठी लिहिलेले आहेत, आणि ते तसं उघड सांगतातही. 'बिब्लिकल वर्ल्डव्ह्यू' असं लिहिलेलं असेल तर धडे बायबलच्या नजरेतून येणार, काही ठिकाणी देशाचा जन्म म्हणजे देवाची योजना अशा सुरात. नॉटग्रास आणि सोनलाइट हे याच परंपरेतले. दोन्ही नीटनेटके आहेत, पण आठवड्याच्या वेळापत्रकातून बायबलचा भाग वगळायचा तर दरवेळी तुम्हालाच चाळत बसावं लागतं. सोनलाइटसारखीच पुस्तकांवर उभी असलेली, पण धर्म बाजूला ठेवणारी मांडणी बुकशार्कची. पैसे घालायचेच नसतील तर कोअर नॉलेजची इतिहास-भूगोलाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, विद्यार्थ्याचं वाचन आणि शिक्षकांची मार्गदर्शिका दोन्ही. अडचण अशी की ती शाळेच्या वर्गासाठी बेतलेली आहेत आणि अमेरिकेचे भाग इयत्तांमध्ये विखुरलेत: वसाहती तिसरीत, क्रांती आणि राज्यघटना चौथीत, यादवी युद्ध पाचवीत. ते ओळीने लावायचं काम तुमचं. दोन संध्याकाळी बसलं की होतं, आणि नऊ-सहाच्या जोडीला मी हाच पर्याय आधी सुचवते.

कुठलाही संच विकत घेण्याआधी त्याची नमुना पानं उघडा. मुखपृष्ठ आणि पहिला धडा सगळ्यांचेच गोड असतात. थेट या जागा गाठा.

पहिली जागा १६२१ची, थँक्सगिव्हिंगची. जवळपास प्रत्येक पुस्तकात स्क्वांटो हा तिथला मूळ रहिवासी येतो आणि यात्रेकरूंना, म्हणजे इंग्लंडहून येऊन प्लिमथला वसलेल्या पिल्ग्रिम्सना, मका पेरायला शिकवतो. पण त्याला इंग्रजी आलं कुठून? १६१४मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तिथून इंग्लंडमार्गे तो परतला तेव्हा त्याचं पटक्सेट गाव साथीने रिकामं झालं होतं, आणि प्लिमथ वसलं ते त्याच जागेवर. सहा वर्षांच्या मुलीलाही दोन वाक्यांत सांगता येईल अशी ही गोष्ट आहे. पुस्तक ती गाळून नुसता 'मदतनीस मित्र' दाखवत असेल, तर पुढेही तेच करणार हे धरून चाला.

दुसरी जागा यादवी युद्धाच्या कारणाची. 'राज्यांचे हक्क' एवढ्यावर धडा थांबतो का? मिसिसिपी राज्याने १८६१मध्ये देशातून फुटून निघताना काढलेल्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच आपली भूमिका गुलामगिरीशी जोडलेली आहे असं स्वच्छ लिहिलंय. मग पुस्तकाने आढेवेढे का घ्यावेत? तिसरी जागा मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हटवणारा १८३०चा इंडियन रिमूव्हल कायदा आणि त्यांच्यातल्या चेरोकी जमातीची हकालपट्टी. चौथी जागा शेवटचे धडे. १८८२चा चिनी लोकांना मज्जाव करणारा कायदा, आशियातून आलेल्यांना जिथे अडवून ठेवत ते सॅन फ्रान्सिस्कोजवळचं एंजल आयलंड, आशियाई लोकांना दार उघडणारा १९६५चा इमिग्रेशन कायदा यांचा पत्ता आहे का? आपल्यातली बहुतेक घरं इथे आली ती १९६५च्या दारातून. तेच दार पुस्तकात नसेल तर मुलांना स्वतःचं घर इतिहासात सापडणार कसं?

त्यानंतर अनुक्रमणिका घ्या आणि १८००च्या आधीचे धडे मोजा. निम्म्याहून जास्त असतील तर तो संच एका वर्षात संपत नाही. हमखास होतं ते असं: यात्रेकरू, तेरा वसाहती, चहाची पेटी, वॉशिंग्टन यांत नाताळ उलटतो, एप्रिलमध्ये लिंकन, आणि विसावं शतक मे महिन्यात तीन आठवड्यांत उरकलं जातं. त्यापेक्षा सरळ दोन वर्षांचा बेत करा, पहिलं वर्ष १८६५पर्यंत. आठवड्याला तीन बैठका धरल्या तर छत्तीस आठवड्यांच्या १०८ होतात. त्यातल्या वीसेक आजारपण, पाहुणे आणि भारताच्या फेरीत जातातच. तेव्हा वर्षाला ८५-९०पेक्षा जास्त धडे असलेला संच कागदावरच छान दिसतो.

एक बैठक अर्ध्या तासाची. तीन मिनिटं नकाशा, बारा-पंधरा मिनिटं वाचन, उरलेल्या वेळात मुलांनी सांगायचं आणि करायचं. सांगताना धाकटीला पहिली पाळी द्या, हा नियम मोडू नका. मोठा आधी बोलला की ती "मलापण तेच" म्हणून मोकळी होते. ती चित्र काढते आणि त्याखाली तिचं एक वाक्य तुम्ही लिहून देता. मोठा तीन-चार वाक्यं स्वतः लिहितो आणि महिन्यातून एकदा त्या काळातला मूळ कागद, पत्र किंवा कायदा, बघतो. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि नॅशनल आर्काइव्हज यांच्या साइटवर ते फुकट आहेत. कातरकाम, चिकटवणं आठवड्यातून एकदाच. रोज टोप्या आणि जहाजं करणारे संच लवकर दमवतात, आईबाबांना आधी.

शंभर वर्षं म्हणजे किती, हे सहाव्या वर्षी कळत नाही. त्यासाठी ऑफिस सामानाच्या दुकानातून कॅल्क्युलेटरचा सव्वादोन इंची कागदी रोल आणा आणि एक इंच म्हणजे पाच वर्षं असं माप धरा. १६०० ते आजपर्यंतची पट्टी सुमारे सात फुटांची होते. धाकटीचं सगळं आयुष्य त्यात सव्वा इंचाचं, १९५५ साली जन्मलेल्या आजीचं चौदा इंच. आता पट्टी डावीकडे वाढवून आजच्या सेंट लुईसजवळचं कहोकिया हे शहर ११००च्या आसपास मांडायला जा. आणखी शंभर इंच लागतात. युरोपीय माणसं येण्याआधी इथे किती काळ माणसं नांदत होती, ते भिंतच सांगते.

त्याच पट्टीखाली दुसऱ्या रंगात आपल्याकडचं लिहा. ओढूनताणून नाही, जिथे खरोखर जुळतं तिथेच. १७७३मध्ये बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाच्याच वर्षांत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. १७८१मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांना शरण गेलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस १७८६मध्ये भारतात गव्हर्नर जनरल म्हणून आला. जोतीराव फुल्यांनी १८७३चं 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. आनंदीबाई जोशी १८८६मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. नऊ वर्षांच्या मुलाला यातलं कॉर्नवॉलिसचं जाम आवडतं: हरलेला माणूस आणि वर बढती!

गुलामगिरीचा धडा धाकटीसमोर कसा वाचायचा, हे सगळेच विचारतात. धडा आदल्या रात्री स्वतः वाचा. माणसं विकली जात, आईपासून मुलं तोडली जात, हे सहा वर्षांच्या मुलीला सांगा. फटक्यांची वर्णनं आणि फोटो मोठ्यासोबत नंतर, तेही दोन-तीन वर्षांनी चालतील. रुबी ब्रिजेस ही कृष्णवर्णीय मुलगी १९६०मध्ये सरकारी मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली तेव्हा सहाच वर्षांची होती, तो धडा धाकटीचा म्हणून राखून ठेवा.

खरेदी करताना पूर्ण पेटी एकदम मागवू नका. पुस्तकांवर आधारलेल्या संचाला कित्येकशे डॉलर लागतात आणि त्यातली बरीच पुस्तकं लायब्ररीत असतात. मार्गदर्शिका विकत घ्या, बाकीची यादी काढून तीन आठवडे आधी होल्ड टाका, आणि जी कुठेच मिळत नाहीत तेवढीच विकत घ्या. जुना संच घेत असाल तर मार्गदर्शिकेची आवृत्ती आणि पुस्तकांची यादी जुळते का ते आधी विचारा. आवृत्ती बदलली की पान क्रमांक आणि कधी पुस्तकंही बदलतात, मग दर सोमवारी शोधाशोध. पीडीएफ असेल तर परवाना एका कुटुंबाचा आहे की एका मुलाचा तेही वाचा. आणि वर्कबुक असेलच, तर एकच मागवा, मोठ्याचं. धाकटीला कोरी वही पुरते.